वैशाखातलं विमान

हुसेनबीला कशाची भीती वाटते असं नांदेडच्या त्या गल्लीत कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. नवरा गेल्यावर या बाईनं मंडपाचा धंदा एकटीनं ओढला होता. ऐन लग्नाच्या दिवशी खांब हलवायला सांगणाऱ्या वरबापांना तिनं भर मांडवात गप्प बसवलं होतं. पण वकारनं मस्कतचं तिकीट काढून आणलं, तिनं तारीख विचारली, आणि मे महिना ऐकल्याबरोबर कागद त्याच्या हातात परत दिला.

"वैशाखात मी विमानात बसत न्हाई," ती म्हणाली. "वाऱ्याचे दिवस येऊ दे. मिरग लागला की जाते."

वकार तिचा थोरला. आता धंदा तोच बघायचा, म्हणजे पावतीपुस्तकावर नाव त्याचं आणि शब्द अम्मीचा. त्याला आधी ही थट्टा वाटली.

"अम्मी, वारा सुटला म्हणून लोक विमानाला घाबरतात. तू वारा न्हाई म्हणून घाबरायलीस?"

"घाबरायचा काय संबंध? एवढं मोठं धूड वर कशावर राहतं? वाऱ्यावरच ना? मग वारा पडला की ते कुठं जाईल, तूच सांग."

वकारनं नुसतं कपाळावर हात मारला.

खरं तर हुसेनबीचं चुकत कुठं होतं? उभ्या आयुष्यात तिनं वाऱ्याशीच व्यवहार केला होता. मंडपाचा पहिला खड्डा खणायच्या आधी ती मोकळ्या जागेत उभी राहायची, मूठभर माती वरून सोडायची आणि ती कुठं वाहते ते बघायची. मग ठरायचं की कनाती कुठल्या बाजूला बांधायच्या, कुठली बाजू उघडी ठेवायची, छताला कुठं फट द्यायची. मालक कितीही घाईत असो, ही मूठ सुटल्याशिवाय नरसिंग पहारीला हात लावत नसे. नरसिंग त्यांचा जुना माणूस. खांब रोवायचा, टेम्पो चालवायचा, आणि हुसेनबी, म्हणजे त्याची भाभी, रागात असली की दोर मोजत बसायचा.

वाऱ्याचा हा धाक तिच्या मनात बसला तो नायगावच्या एका लग्नापासून. वैशाखच होता. सकाळी पान हलत नव्हतं. दुपारी जेवणावळी चालू असताना कुठून तरी वावटळ उठली, उघड्या बाजूनं मंडपात शिरली आणि छत फुगून वर निघालं. तिचा नवरा खाजा कोपऱ्याच्या दोराला झोंबला. "सोड, सोड" असं सगळे ओरडत होते, पण त्यानं दोर मनगटाला गुंडाळलेला. छतानं त्याला माणसांच्या डोक्यांवर उचललं. गावात नंतर कितीतरी वर्षं लोक हीच गोष्ट रंगवून सांगायचे, खाजाभाई उडाला म्हणून. हुसेनबीच्या ध्यानात मात्र पुढचंच राहिलं. वारा एकाएकी पडला. फुगलेलं छत रिकामं होऊन खाली आलं, आणि त्याच्यासोबत खाजाही. पायाचं हाड नीट जुळलं नाही ते नाहीच. पुढं तो तापानं गेला, पण जाईस्तोवर लंगडत होता. वाऱ्यानं उचलल्याचा राग हुसेनबीला कधी आला नाही. उचलून मध्येच सोडून दिल्याचा राग मात्र तिच्या मनातून गेला नाही.

आणि आता मस्कतला शबाना वाट बघत होती. शबाना तिची मधली मुलगी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, कितीतरी दवाखाने पालथे घातल्यावर तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज कुणी मोडत नाही. पण तिथल्या डॉक्टरणीनं तिला विमानातच काय, जिने चढायलाही मनाई केली. तेव्हा माहेरानंच तिच्याकडं जायचं ठरलं. तिचा नवरा हारिस दिवसभर कामावर असायचा आणि सासू हयात नव्हती. हुसेनबीनं अळिवाचे लाडू वळले, जुन्या मऊ सुती साड्यांची लंगोटं शिवली, पिशव्या भरून दाराशी ठेवल्या. सगळी तयारी झाली होती, आणि बाळ मिरगाच्या आधी येणार होतं. बाळ काही वाऱ्यासाठी थांबणार नव्हतं.

शबानाचा रोज फोन यायचा. "अम्मी, तिकीट झालं?"

"हाव, झालं," हुसेनबी म्हणायची. तारखेचं बोलणं निघालं की ती लाडवांवर यायची. फोन ठेवल्यावर मात्र तिला स्वतःचीच लाज वाटायची. पोटची पोर परक्या मुलखात बाळंत होणार, आणि आपण इथं वाऱ्याचा हट्ट धरून बसलो. तरी पाय उचलत नव्हता. तिला भीती वाटत होती, आणि ते कबूल करायला तिच्याजवळ खाजा नव्हता.

शेवटी वकारनं लुबनाला फोन केला.

लुबना धाकटी. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. मराठवाड्यातली पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला येतात आणि लुबना मॅडमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, अशी तिची ख्याती होती. उत्तर कसं दोन ओळींत मांडायचं हे तिच्याकडून शिकावं. ती एसटीनं आली, पाणीसुद्धा न पिता पाठकोऱ्या कागदावर विमानाच्या पंखाचं चित्र काढून अम्मीपुढं बसली.

"हे बघ. पंख खालून सपाट, वरून फुगीर. हवा इथं पुढं फुटते. अर्धी वरून जाते, अर्धी खालून. वरचीचा रस्ता लांबचा. मागं दोघींना एकदमच पोचायचं असतं, म्हणून वरची पळत जाते. पळणाऱ्या हवेचा दाब कमी. खालचीचा जास्त. म्हणून पंख वर."

हुसेनबीनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"एकदमच कामून पोचायचं?"

"म्हणजे?"

"वरची हवा आणि खालची हवा. मागं जाऊन भेटायचं त्यांचं कुणी ठरवलं? नाही भेटल्या तर कोण रागावणार हाय?"

लुबनानं कागदावरचं चित्र परत पाहिलं. कितीतरी बॅचेसना तिनं हे चित्र काढून दिलं होतं. पोरांनी वह्या भरल्या, मार्क मिळवले, एकानं म्हणून हा प्रश्न विचारला नव्हता. तिनंही स्वतःला विचारला नव्हता. मग तिनं दुसरा उपाय काढला. कागदाची लांब पट्टी ओठांजवळ धरली आणि वरून जोरात फुंकलं. लोंबणारी पट्टी उचलली गेली.

"बघ! वर आली का न्हाई?"

"आली. तू फुंकायलीस म्हणून आली," हुसेनबी म्हणाली. "विमानाला कोण फुंकतं? म्हणून तर म्हणते, मिरगाचा वारा येऊ दे."

दुसरी एखादी असती तर चिडून उठली असती. लुबना हसायला लागली. अम्मीचं म्हणणं वेडं नव्हतं, ते तिच्या नीट ध्यानात आलं. अम्मीला विमान म्हणजे दोर सुटलेला मंडप वाटत होता. आणि मंडपाच्या हिशेबानं पाहिलं तर वैशाखात उडणं हा सरळ गाढवपणा होता.

"मला एक दिवस दे," ती म्हणाली.

तो दिवस तिनं मोबाईलमध्ये डोकं घालून, जुनी पुस्तकं उपसून, लातूरच्या दोन सहकाऱ्यांशी फोनवर वाद घालून काढला. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा चेहरा असा खुललेला की हुसेनबीला वाटलं, हिचं लग्नच ठरलं.

"अम्मी, तू म्हणलीस ते बरोबर. त्या दोघी भेटतच न्हाईत! वरची हवा आधी पोचते आणि पुढं निघून जाते. दाबाचं खरं हाय, पण भेटायची गोष्ट कुणीतरी सोपं करायला घातली आणि आम्ही सगळे ती म्हणत बसलो. उद्या सकाळी वकारभाईचा टेम्पो कुठं चाललाय?"

"लोह्याला. सामान उतरवायचं हाय."

"आपण दोघी मागं उभं राहून जायचं."

सकाळी उजाडता उजाडता निघाले. वारा असा मेलेला की चहाच्या टपरीवरचा धूर सरळ वर चढत होता. हुसेनबीनं सवयीनं मूठभर माती वरून सोडली. ती तिच्याच पायावर पडली.

"बघून घे," लुबना म्हणाली. "आज वारा हाय का?"

"नावालासुद्धा न्हाई."

"हे ध्यानात ठेव."

नरसिंग चाकावर बसला, वकार त्याच्या शेजारी. मागं गालिचे आणि कनातींच्या गठ्ठ्यांमध्ये मायलेकी पाय रोवून उभ्या राहिल्या. लुबनानं जेवणाच्या टेबलाची एक पातळ अरुंद फळी बरोबर घेतली होती. फळीच्या मागच्या कडेला आणि पाठीवर, म्हणजे वरच्या अंगाला, मंडपाच्या झालरीतल्या रंगीत फिती चिकटवल्या होत्या. हुसेनबीनं सगळं बघितलं, आणि आधी फळीला दोर बांधून तो टेम्पोच्या कडीला पक्का केला. उडणाऱ्या वस्तूला मोकळं सोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

गावाबाहेर पडल्यावर नरसिंगनं वेग धरला. टपाच्या वरून हवेचा झोत तोंडावर यायला लागला. लुबनानं फळी अम्मीच्या दोन्ही हातांत दिली.

"टपाच्या वर धर. आडवी, एकदम सपाट. काही वाटतंय?"

"न्हाई. वजन हाय तेवढंच हाय."

"आता पुढची कड जराशी उचल. थोडीच."

हुसेनबीनं कड उचलली, आणि फळी तिच्या हातात हलकी झाली. मग नुसती हलकी राहिली नाही, वर ओढायला लागली. तिचे दंड उचलले गेले. तिला खाली दाबून धरावं लागलं, तशीच जशी आयुष्यभर तिनं छतं दाबून धरली होती.

"या अल्ला," ती म्हणाली.

"फितींकडं बघ अम्मी! मागच्या फिती कुठं चालल्यात?"

मागच्या फिती सरळ उडत नव्हत्या. त्या खाली झुकल्या होत्या. पाठीवरच्या फिती फळीला चिकटून गपगार पडल्या होत्या.

"हवा खाली चाललीय," हुसेनबी म्हणाली.

"फळी हवेला खाली वळवते. वरची हवासुद्धा फळीच्या पाठीला धरून खाली वळते, म्हणून पाठीवरचा दाब उतरतो. हवेला खाली ढकललं की हवा फळीला वर ढकलते. झालं. एवढंच हाय. आणि आता सांग, हा वारा कुठून आला?"

हुसेनबीनं रस्त्याकडेला पाहिलं. लिंबाची झाडं मागं पळत होती आणि त्यांचं एकही पान हलत नव्हतं. एक बाई अंगण झाडत होती, तिच्या झाडूची धूळ होती तिथंच बसत होती. वारा जगात कुठं नव्हता. तो फक्त या टेम्पोवर होता.

"आपणच केला," ती हळूच म्हणाली. आणि मग मोठ्यानं, टपावर थाप मारत, "वकार! वारा आपणच केला रे!"

पुढून वकारचा आवाज आला, "काय झालं? थांबायला सांगू का?"

"थांबव!" लुबना म्हणाली. "हळूहळू थांबव."

वेग उतरत गेला तशी फळी जड होत गेली. टेम्पो उभा राहिला तेव्हा ती परत साधी जेवणाच्या टेबलाची फळी होती. हुसेनबीचा चेहरा पडला.

"हेच म्हणत होते मी. धावणं थांबलं की पडलं. विमानाचं इंजिन बंद पडलं तर?"

लुबना याचीच वाट बघत होती. लातूरच्या फळ्यापुढं उभी असावी तशी तिनं ओढणी कमरेला खोचली. "नरसिंगचाचा, पुढचा उतार लागला की न्यूट्रल करा. इंजिनचा जोर नको. ब्रेकवर पाय ठेवा, पण लावू नका."

"भाभी, करू का?" नरसिंगनं खिडकीतून मान काढून विचारलं. मॅडम कितीही शिकलेल्या असोत, परवानगी भाभीचीच लागायची.

"कर," हुसेनबी म्हणाली.

लोह्याच्या अलीकडं लांबलचक उतार आहे. नरसिंगनं गिअर काढला. इंजिनची घरघर मंद झाली, तरी टेम्पो आपल्या वजनानं घसरत निघाला. टपावरून वारा येतच राहिला, आणि हुसेनबीच्या हातात फळी उचललेलीच राहिली.

"रस्ता उतरता हाय म्हणून," ती म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला पुढचं ऐकायचं होतं.

"विमानाला आभाळात सगळीकडं उतार हाय, अम्मी. ते लई उंच असतं. नाक जरासं खाली केलं की झाला उतार. घसरत घसरत कितीतरी लांब जाता येतं, तेवढ्यात जागा बघून उतरवतात. आणि इंजिनं दोन असतात, एकावरसुद्धा चालतं. ते वाऱ्यावर अवलंबून न्हाई. ते पुढं जात हाय तोवर त्याचा वारा त्याच्याजवळ हाय."

हुसेनबीनं स्वतःच्या मनानं फळीची कड आणखी उचलली, आणखी उचलली, आणि एकदम पाठीवरच्या फिती सैरावैरा झाल्या, फळी थरथरली, मागं ढकलली गेली, वर जायचा जोर गेला.

"जास्त नाक वर केलं की हवा पाठ सोडते," लुबना म्हणाली. "विमान चालवणाऱ्याला ते आधीच शिकवलेलं असतं. हावरटपणा करायचा न्हाई."

"हे सगळ्याच धंद्याला लागू हाय," हुसेनबी म्हणाली. तिनं कड खाली घेतली. फिती परत चिकटल्या. फळी परत तिच्या हातांत तरंगायला लागली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळं आलं असं तिनं लुबनाला सांगितलं. ते खोटं होतं. तिला खाजा आठवला होता. छताला स्वतःचं धावणं नव्हतं, म्हणून वारा गेला तेव्हा त्याच्याजवळ काहीच उरलं नाही. खाजाचं काही चुकलं नव्हतं. तो चुकीच्या गोष्टीला लटकला होता, इतकंच.

लोह्याला सामान उतरवताना ती सगळ्यांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडली, त्यावरून नरसिंग समजला की भाभी खुशीत आहे. परतताना तिनं वकारला विचारलं, "ते तिकीट अजून हाय ना? का तू परत करून बसलास?"

"हाय की. मला म्हाईत होतं."

"तुला काही म्हाईत नव्हतं. उगी फुशारकी मारू नको. शबानाला फोन लाव."

हैदराबादच्या विमानतळावर वकार आणि लुबना सोडायला आले. ऊन कडक होतं. दाराशी उभं राहून हुसेनबीनं इमारतीच्या छताकडं पाहिलं, एवढं छत किती खांबांवर पेललं असेल याचा अंदाज घेतला आणि मान हलवून पसंती दिली. टेम्पोवर एवढी बोलणारी लुबना आता नखं कुरतडत होती.

"तुला काय झालं?"

"काही न्हाई. पोचल्या पोचल्या फोन कर."

"तू सांगितलेलं खरं हाय ना?"

"खरं हाय अम्मी. सगळं खरं हाय."

"मग झालं तर." तिनं दोघांच्या गालांवरून हात फिरवला आणि आत गेली. मागं वळून पाहिलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

तिला खिडकीची जागा मिळाली, पंखाच्या जरा मागं. शेजारी बिदरकडची एक पार्वतम्मा नावाची बाई होती. मुलाकडं चालली होती, तीही पहिल्यांदाच. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तसं तिनं डोळे घट्ट मिटले आणि हुसेनबीचं मनगट पकडलं. हुसेनबीनं डोळे उघडे ठेवले. ती वेग मोजत होती. आता टेम्पोएवढा झाला. आता त्याच्या पुढं गेला. बाहेर वाऱ्याची पिशवी खांबाला लुळी लोंबत होती, म्हणजे वारा नव्हताच. नाक उचललं. जरासंच, तिनं बघितलं, हावरटपणा न करता. आणि दंडांत जे तिनं लोह्याच्या रस्त्यावर ओळखलं होतं, तेच बुडाखालून वर आलं.

"उचललं," ती मोठ्यानं म्हणाली.

"अय्यो देवा," पार्वतम्मा म्हणाली.

इथवर सगळं तिच्या हिशेबात होतं. मग तिनं खिडकीतून पंखाकडं नीट पाहिलं. पंख जमिनीवर असताना जिथं होता तिथं नव्हता. त्याचं टोक वर उचललं गेलं होतं. तापलेल्या जमिनीवरच्या हवेत विमानाला दणके बसत होते, आणि प्रत्येक दणक्याला तो एवढा मोठा धातूचा पंख टोकापासून वाकत होता, खाली येत होता, परत वाकत होता. याबद्दल लुबना एक अक्षर बोलली नव्हती. टेम्पोवरची फळी तर कधी वाकली नव्हती. हे मोडणार, असं हुसेनबीला वाटलं. खरंच वाटलं. शबानाचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आणि कलमा ओठावर आला.

पण नजर काही हलेना. सवयीची नजर होती, खांबांवर पोसलेली. ती बघत राहिली. पंख वाकायचा आणि तितकाच परत यायचा. मुळाशी घट्ट होता, टोकाला सैल. दणका टोकाशी जिरत होता, मुळापर्यंत पोचत नव्हता. हे तिनं हजारदा पाहिलं होतं. वाऱ्याच्या दिवसांत ती कधी लोखंडी पाइप वापरत नसे. ताठ उभा राहतो आणि एका क्षणी जोडातून उखडतो. ती बांबू मागायची, ओला, लवचीक. तो रात्रभर वाकत राहतो आणि सकाळी सरळ उभा सापडतो. ज्यानं हे विमान बांधलं, त्याला हे माहीत होतं. त्यानं बांबू निवडला होता.

तिनं श्वास सोडला. अंग सैल झालं. पार्वतम्माच्या हातावर थोपटून ती म्हणाली, "अम्मा, डोळे उघडा. वाकून राहिलाय तो. वाकतोय म्हणजे चांगलं हाय." पार्वतम्माला कळलं असेल नसेल, पण तिनं एक डोळा उघडला. पुढं समुद्र आला तेव्हा दोघींनी मिळून तो पाहिला, आणि हुसेनबीनं तिला एक लाडू दिला.

मस्कतला सामानाच्या पट्ट्याजवळ एका मुलानं तिचा फोन लावून दिला. लुबनानं पहिल्या घंटीलाच उचलला.

"अम्मी! पोचलीस?"

"पोचले. सगळं तू सांगितलं तसंच झालं. पण एक गोष्ट सांगितली न्हाईस. त्याचे पंख वाकतात."

"मला म्हाईत होतं," लुबना म्हणाली. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता. "मुद्दाम न्हाई सांगितलं. वाटलं, ते ऐकलंस तर तू बसायचीच न्हाईस. सकाळपासून तोच विचार करून राहिले, तू खिडकीतून बघशील आणि मी जवळ नसेन."

हुसेनबी तिथंच, सगळ्या लोकांमध्ये, खो खो हसली. "येडे! न वाकणारा खांब तुझ्या आईनं कधी वाऱ्यात रोवलाय का? हे एवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी पिशवी उचलून निघाले असते."

लुबना रडत होती की हसत होती ते फोनवर कळेना. हुसेनबीनं तिला डोळे पूस म्हणून सांगितलं, जेवून घे म्हणून सांगितलं, आणि पिशव्या ओढत बाहेर आली.

बाहेर हारिसच्या शेजारी शबाना उभी होती. जिने चढायला मनाई असलेली पोरगी, एवढं पोट घेऊन, एका हातानं कठडा धरून. हुसेनबी ओरडायलाच निघाली होती की तुला कुणी यायला सांगितलं, पण शबानानं आधीच तिच्या खांद्यावर डोकं टाकलं.

"मला वाटलं तू येणार न्हाईस अम्मी," ती म्हणाली. "रोज तू हाव म्हणायचीस, आणि रोज मला वाटायचं तू येणार न्हाईस."

हुसेनबीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं जन्मभर कुणापुढं भीती कबूल केली नव्हती.

"मलाबी तसंच वाटत होतं बेटा," ती म्हणाली. "चल, गाडीत बस आधी."